रिनीने पुढे केलेला हात

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिच्यापाशी मी सासूबाईंबद्दलसुद्धा मन मोकळं करते त्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. मी अभिमानी बाई आहे – ओळखीच्या माणसांसमोर मान खाली घालणं मला जमत नाही. जमलं असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती.

आधी त्या अभिमानाबद्दल सांगते. सदाशिव पेठेत मी उभं आयुष्य मुलींना ज्युदो शिकवला. मी सुरुवात केली तेव्हा मुलींनी कुस्तीसारखं काही शिकणं म्हणजे लोकांना करमणूक वाटायची. ‘लग्नानंतर नवऱ्याला आपटणार का?’ असं मला तोंडावर विचारलेलं आहे. मी म्हणायचे, वेळ आली तर आपटेल. माझ्या मुली रात्री एकट्या घरी जायच्या, आणि गाडीवरून कोणी टवाळी केली तर मान खाली घालून नाही, थांबून बघायच्या. त्यांचा मला गर्व होता. आजही आहे, तो लपवणार नाही.

आणि गर्व फक्त ताकदीचा नव्हता. माझ्या वर्गाचा एक नियम होता. जोडीदारणीला मॅटवर पाडलंत की तिथल्या तिथे पुढे व्हायचं, हात द्यायचा, आणि विचारायचं – ‘लागलं का?’ कोणी विसरली तर मी साऱ्या वर्गाला उठाबशा काढायला लावायचे. इतकं घोटून घेतलेलं, की माझ्या मुली घरात भांडं पडलं तरी ‘लागलं का’ म्हणायच्या, असं त्यांच्या आया मला हसत सांगायच्या. पाडता कोणालाही येतं. पाडून वर उठवायला शिकवणारी मी – असं मी मानायचे.

रिनी आली ती या सगळ्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मिझोरमची मुलगी, फिजिओथेरपी शिकायला पुण्यात आलेली. ज्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये माझा वर्ग भरायचा, तिथेच दुसऱ्या मजल्यावर तिकडच्याच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. पहिल्या दिवशी मी तिला काय म्हणाले ऐका. म्हणाले, ‘तुम्हा लोकांच्या तर हे रक्तातच असतं.’ ती हसली आणि हिंदीत म्हणाली, ‘ताई, मी शाळेत चर्चच्या गायनात होते. मी कोणाला चिमटासुद्धा काढलेला नाही.’ वर्ग हसला, मीही हसले. तिचा चेहरा बघून मी तिच्याबद्दल सगळं ठरवून टाकलं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. तुमच्या आलं असतं का?

पण काय शिकली ती! मराठीसुद्धा तिने माझ्याच वर्गात उचलली, त्यामुळे तिच्या मराठीत आज्ञा जास्त आणि शब्द कमी. पाय अडकवून पाडण्याचा डाव तिच्यासारखा माझ्या एकाही मुलीला जमला नाही. मला स्वतःलाही नाही – हे मी पहिल्यांदाच कबूल करतेय.

आता नाना. इमारत त्यांची, हॉलही त्यांचा. निवृत्त, पेठेत मान असलेला माणूस. मुलींना ज्युदो शिकवायला हॉल देणारे ते पहिले, आणि बराच काळ एकटेच. रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने कुलूप काढून द्यायचे. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर गोष्ट सोपी होईल, पण खरी राहणार नाही. फक्त रिनी जिन्यात दिसली की दर वेळी विचारायचे, ‘नवीन का?’ वर्षभर. त्यांना ती आणि तिच्या मैत्रिणी वेगवेगळ्या ओळखूच येत नसत. रिनीने मला ते नक्कल करून दाखवलं होतं, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

त्या उन्हाळ्यात इमारतीतून सायकली चोरीला जाऊ लागल्या. कोणीतरी म्हणालं, ‘त्या चिनी तोंडाची पोरं गल्लीत फिरत असतात.’ झालं. तेव्हा प्रत्येक फाटकावर कॅमेरे नव्हते, डोळे होते. नानांनी ठरवलं, तसले चेहरे दिसले की हटकायचं आणि पिशवी तपासायची.

दुपारची वेळ. मी हॉलच्या खिडकीत मॅट झटकत होते, फाटक समोरच. रिनी पाठीवर बॅग घेऊन आत आली. नानांनी अडवलं – ‘कुठली तू? बॅग उघड.’ ती मराठीत म्हणाली, ‘नाना, मी रिनी. वरती राहते.’ नानांनी तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने बॅगेचा पट्टा ओढला. पट्टा गळ्याशी आला. ती म्हणाली, ‘सोडा.’ पुन्हा म्हणाली, ‘सोडा.’ नाना सोडेनात. मग तिने ते केलं, जे मी शिकवलं होतं – मनगट फिरवून सोडवलं, पाय अडकवला, आणि नाना खाली.

मला त्या क्षणी काय वाटलं असेल? भीती? कीव? नाही हो. मला वाटलं – वा! असा डाव मी आयुष्यात पाहिला नव्हता. इतका स्वच्छ.

आणि लगेच ती पुढे झाली. वाकून हात पुढे केला आणि म्हणाली, ‘लागलं का?’

नाना ओरडले. समोरचा दुकानदार धावला, आणखी दोघे-तिघे आले, त्यांनी तिला मागे खेचलं. म्हाताऱ्याला पाडून वर चिडवते, पुन्हा मारायला धावली – असं त्यांनी पाहिलं. त्यांना दुसरं काय दिसणार? ते माझ्या वर्गात कधी आले नव्हते. त्या गर्दीत तो हात कशासाठी पुढे आला हे माहीत असलेली एकच व्यक्ती होती, आणि ती खिडकीत मॅट धरून उभी होती.

नानांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. संध्याकाळी मला चौकीत बोलावलं – पहिल्यापासून पाहणारी मी, आणि शिकवणारीही मीच. रिनी बाकावर बसली होती. नानांचा मुलगा साहेबांशेजारी. साहेब समंजस होते. म्हणाले, ‘बाई, हात धरला तर सोडवून घ्यायचा तिला हक्क आहे, ते मला कळतं. पण खाली पडलेल्या माणसावर पुन्हा हात टाकायचा हक्क नाही. लोक म्हणतात, ती पुन्हा पुढे झाली. तुम्ही पाहिलंत. झाली का?’

हाच कायदा मी प्रत्येक वर्गाला फळ्यावर लिहून समजावत आले होते. सगळं कशावर अडलं आहे, हे त्या खोलीत साहेबांच्या खालोखाल मलाच कळत होतं.

मी म्हणाले, ‘हो. पुढे झाली होती.’

बस. एवढंच. साहेब थोडे थांबले, मी आणखी काही सांगेन म्हणून. मी पदराशी – नाही, ओढणीशी चाळा करत बसले. रिनीला मराठी कळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी एखादा डाव अर्धा दाखवून थांबले की वर्गात ती जशी बघायची – पुढचं कधी सांगताय, म्हणून – तसं पाहिलं.

खोटं बोलले का मी? अक्षरही खोटं नव्हतं. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं – मी खोटं बोलले नाही. पेठेत माझी ख्यातीच तशी आहे, स्पष्टवक्ती, खोटं न बोलणारी. कारण सांगितलं की ते सबबीसारखं ऐकू येतं, म्हणून एकदाच सांगते: हॉल नानांचा होता. आणि गल्ली माझी होती. रिनी दोन्हीकडची नव्हती.

तिचं शिक्षण संपत आलं होतं, एका रुग्णालयात कामाचं ठरलं होतं. तिथले लोक म्हणाले, आधी पोलिसांचं प्रकरण मिटवा. मग इमारतीतल्या मंडळींनी तोड काढली – रिनीने सगळ्यांसमोर माफी मागावी, नाना तक्रार मागे घेतील. अंगणात खुर्च्या मांडल्या. नाना हात झोळीत अडकवून बसले. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती.

ती ताठ उभी राहिली. म्हणाली, ‘नाना, तुम्हाला लागलं, त्याचं मला वाईट वाटतं. पण माफी मागणार नाही. तुम्ही माझा हात धरला होता, आणि मी तुम्हाला माझं नाव सांगितलं होतं.’

एवढंच म्हणाली आणि जिना चढून वर गेली. कोणी म्हणालं माज बघा, कोणी म्हणालं असल्यांना खोल्या देऊच नयेत. आणि मी? माझी छाती अभिमानाने भरून आली होती. खरंच सांगते. पदकं आणलेल्या मुली आहेत माझ्या, पोलिसात भरती झालेल्या आहेत, पण ताठ उभं राहणं कशाला म्हणतात ते मला त्या अंगणात कळलं, आणि ही माझी मुलगी, मी शिकवलेली, असं ओरडून सांगावंसं वाटलं. मी सांगितलं नाही. खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. चहा आला, तो प्यायले.

तक्रार तशीच राहिली. रुग्णालयाने दुसऱ्या मुलीला घेतलं. रिनीने खोली सोडली, परीक्षा दिली आणि गावी गेली. जाताना मला भेटायला आली नाही. का यावं? माझा वर्ग त्याच हॉलमध्ये पुढे बरीच वर्षं भरला. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. भाषणात एका वक्त्याने म्हटलं, या बाईंनी पेठेतल्या मुलींना निर्भय केलं. मी मान डोलावली.

चौकी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. भाजी आणायला, बँकेत, देवळात – कुठेही जायचं तर तिच्यावरूनच जावं लागतं. ते साहेब बदलून जाईपर्यंत कितीदा तरी दारात उभे दिसायचे, मला नमस्कार करायचे. आत जाऊन एक वाक्य पुरं करायचं होतं – साहेब, ती त्यांना उठवायला पुढे झाली होती. मी उलट नमस्कार करायचे आणि पुढे जायचे.