सरदारणीचा शिक्का आणि आईंचं चांदीचं ताट

न्यूयॉर्कचं संग्रहालय बघायला आम्ही गेलो ते कलेच्या ओढीने नव्हे, घरात शांतता नांदावी म्हणून. डिसेंबरात आमच्या सईचं लग्न. नवरीचं नवं नाव तांदळात लिहायचं म्हणून माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, साताऱ्याहून चांदीचं ताट घेऊन पार्सिपनीत आमच्या घरी उतरल्या. सई म्हणाली, "आजी, आय लव्ह यू, पण नाव बदलणार नाही." होणारा जावई ओहायोचा, गुणी. नाव तू बदल म्हटलं असतं तरी तो 'शुअर' म्हणाला असता. पण त्याला विचारतंय कोण? रविवारपासून आजी आणि नात माझ्यामार्फत बोलत होत्या.

सई मध्ययुगीन युरोपातल्या सरदारघराण्यांतल्या बायकांवर पीएचडी करते. म्हटलं, संग्रहालयातल्या तिच्या बायका तरी आईंना दाखवू.

शनिवारी निघालो. ऐंशी नंबरचा रस्ता धरून पूल ओलांडला की आलंच. ट्रॅफिक नसेल तर तासाभरात, म्हणजे कधीच नाही. टोल ऐकून आई दचकल्या. "परत येतानाही घेतात?"

"नाही."

"उपकारच म्हणायचे."

पानं रंगली की इथे झुंबड उडते, तेव्हा पार्किंगसाठी लवकर पोहोचा. टेकडीवर जुन्या मठांचे खांब युरोपातून बोटीने आणून पुन्हा उभे केलेत. म्हणजे इथलं सगळंच सासरी आलेलं.

सई सांगायला लागली. सात-आठ वर्षांच्या मुली, लग्न ठरलं की सासरी वाढायला पाठवायच्या. भाषा नवी, जेवण नवं. भावाशी नवऱ्याचं युद्ध जुंपलं, की तह करायला हीच मध्ये.

"म्हणजे आमच्यासारखंच," आई मला म्हणाल्या. "फक्त घोडे जास्त."

एका काचेत मेणाचा शिक्का होता, आमसुलाएवढा. त्यावर उभी बाई, हातावर पक्षी.

"पोपट का गं?" आईंनी थेट सईलाच विचारलं. मी मध्यस्थीतून सुटले.

"ससाणा, आजी. आणि हे बघ. इकडे नवऱ्याच्या घराण्याची ढाल, तिकडे वडिलांच्या. तिच्या प्रत्येक कागदावर दोन्ही."

"सासरच्यांनी चालवून घेतलं?"

"माहेर तगडं, हीच तर तिची किंमत होती."

आई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. गार्ड खाकरला, तरी हलल्या नाहीत.

कॅफेच्या रांगेकडे पाठ फिरवून आम्ही नदीकडे तोंड असलेल्या बाकावर तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. आई खाईनात. मग म्हणाल्या, "माझ्या ताटात नाव लिहिलं, तेव्हा मला वाचूही दिलं नाही. भटजींनी मोठ्याने सांगितलं, तेव्हा कळलं मी सुनंदा झाले."

"आधी काय होतीस?" सईने विचारलं.

मला लाज वाटली. इतकी वर्षं त्यांची सून, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

आईंनी डबा जवळ ओढला. एक अख्खी पुरी खाल्ली.

घरी आल्यावर पर्सही न ठेवता त्यांनी ताट काढलं, तांदूळ पसरले, बोटातली अंगठी काढली आणि सावकाश लिहिलं: द्वारका.

"ही मी," त्या म्हणाल्या. मग तळहाताने तांदूळ सारखे करून अंगठी सईसमोर धरली. "ताट लग्नात राहणार. त्यात मी ऐकायची नाही. त्या ओहायोवाल्याला फक्त 'सई' लिहायला शिकव. दोनच अक्षरं आहेत, जमेल त्याला."

सईने त्यांना मिठी मारली, तेव्हा अर्धे तांदूळ गालिच्यावर गेले.

उरलेल्यांची संध्याकाळी खिचडी केली. संग्रहालयातले खांब, पडदे, संत सगळे माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलेत. एवढंच लक्षात आहे, की वाढताना सईने हाक मारली, "द्वारकाबाई, तूप?" आणि आईंनी लगेच ओ दिली.