दोन इसा न आठ

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर रीडिंग घ्यायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, हेच काम. लहान बहीण ज्योती चिडवायची — "दादासाठी वहीत आहे तेच खरं."

वही तिचीही होती. धुळ्यात एकवीस किलोमीटरची शर्यत होती, तिची पहिलीच. पाच महिने सराव केला. किती पळाली, किती वेळ लागला, पाय कुठे दुखला, सगळं ती लिहायची. फक्त पहिला रकाना मी भरायचो — सकाळची नाडी. तिला पळायला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, उठायच्या आधी मोजायची, आणि नेहमीपेक्षा दहाने वाढली तर त्या दिवशी पळायचं नाही.

मोजायची आमची माय. शाळेत गेलेली नाही, अक्षर-आकडा वाचता येत नाही, पण मोजण्यात पक्की. जुन्या पद्धतीने, वीस-वीसचे इसे करून. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून "चालू" म्हणायचो, मिनिटाने "बस". माय सांगायची, "दोन इसा न आठ." मी ४८ लिहायचो. रोज तेच, फार तर एखादा इकडेतिकडे. एकदा तीन इसा झाले तर मायने ज्योतीचे बूट कणगीमागे लपवून ठेवले होते. ज्योती दिवसभर बोलली नाही तिच्याशी.

शर्यतीच्या दिवशी माय म्हणाली, "तीन इसा न तीन. आज नही जावानं."

ज्योतीला दोन दिवस कणकण होती. मला माहीत होतं, मायला नाही. ज्योतीने माझ्याकडे बघितलं... मी म्हणालो, माय, घड्याळ बघताना माझं चुकलं, थांब, मी मोजतो. मोजली. त्रेसष्टच होती. मी अठ्ठेचाळीस सांगितली आणि अठ्ठेचाळीस लिहिली. ज्योतीने त्या ओळीभोवती लाल पेनाने चौकोन काढला, शर्यतीचा दिवस म्हणून.

"मनीच चूक व्हई," माय चूक स्वतःवर घेत म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

सतराव्या किलोमीटरला ज्योती पडली. दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी तिथेच वारली. अंगात ताप आणि वरून ऊन, असं डॉक्टर म्हणाले. वहीबद्दल कोणी विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही.

त्यानंतर मायने मोजणं सोडलं. टोपलीतल्या भाकरीसुद्धा शेजारच्या अक्काला मोजायला लावायची. मला मोजता येत नाही, म्हणायची. मी ऐकून घ्यायचो. मला रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. ड्युटीवर जायचो, जेवायचो, झोपायचो.

तेरावं होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. सकाळी जाग आली तर माय माझ्या खाटेवर बसलेली. मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, "सांग." मी सवयीने "चालू" म्हणालो, मिनिटाने "बस".

"दोन इसा न आठ."

माझी नाडी चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर असते. कंपनीच्या तपासणीत दरवर्षी तेवढीच येते. मला वाटलं, मायच्या तोंडात बसलंय ते बोलतेय. वही आणली, लाल चौकोनाखाली ४८ लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, कोरोनात घेतलेला. मायने मनगट धरलं, नाडीचा आकडा उतरत उतरत ४८ वर थांबला. सोडलं, परत ७५. सेल बदलले. कंपनीतल्या मित्राकडून दुसरा आणला — तोही तेच दाखवायचा. घाबरायला हवं होतं. मी फक्त आकडा लिहून ठेवत होतो... असे सव्वीस दिवस.

सत्ताविसाव्या सकाळी ऑक्सिमीटरवर ६३ आलं. मायकडे बघायची हिंमत झाली नाही.

"तीन इसा न तीन," ती म्हणाली. "लिख."

मी लिहिलं. तिने वही ओढून घेतली, रकान्यावरून बोट फिरवलं. "हाऊ आकडा येगळा शे. वरला बठ्ठा सारखा." वरचे सगळे एकसारखे, हे तिला नुसत्या आकारावरून कळत होतं. मग बोट लाल चौकोनावर ठेवलं. तो चौकोन कशाचा, हे कळायला तिला वाचता यायची गरज नव्हती.

"आनि हाऊ? हाऊ पन बठ्ठासारखाच शे?"

"हो माय. मीच तसा लिहिला."

बराच वेळ तिने माझं मनगट सोडलं नाही. "मंग मी बराबर मोजेल व्हतं," म्हणाली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. हात सोडला आणि चूल पेटवायला गेली. ऑक्सिमीटर ७४ दाखवत होता.

त्या दिवसापासून टोपलीतल्या भाकरी ती स्वतः मोजते. माझ्याशी बोलते, डबा भरून देते. कोणाला सांगितलं तर म्हणतात धक्का बसला असेल, मशीन खराब असेल. मशीन खराब नव्हतं, रीडिंग मला कळतं. हे काय होतं, ते मात्र अजून कळलेलं नाही.

माय परत खाटेवर येऊन बसली नाही. मी रोज सकाळी एक हात पांघरुणाबाहेर काढून घड्याळाकडे बघत पडून राहतो, ड्युटीची वेळ होईपर्यंत.