ताटातली बेटं

सुमात्रापासून न्यू गिनीपर्यंतची हजारो बेटं एका ताटात बसवून दाखवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो आमच्या हिचा मावसभाऊ आहे. मूळचे कोथरूडचे, राहायला आमच्यासारखेच या चिमुकल्या बेटदेशात, पासिर रिस भागात, नोकरी सॉफ्टवेअरमधली. पण पानावर बसले की दादांच्या अंगात नकाशा संचारायचा. मधली भाताची मूद म्हणजे बोर्निओ. डावीकडे तिरकी ओढलेली चटणी सुमात्रा, खाली आडवी मिरची जावा. कांदाभजी सुलावेसी, कारण तसला वेडावाकडा आकार परमेश्वराने दुसऱ्या कशालाच दिलेला नाही. उजव्या टोकाला पापडाची न्यू गिनी. मग मिठाचा एक कण बोटाने टिपून सुमात्राशेजारी ठेवत म्हणायचे, "जावईबापू, हे आपण." तोवर वरण गार झालेलं असायचं.

मसालेभातातली लवंग बाजूला काढणाऱ्याची तर धडगत नसे. मालुकूच्या चिमूटभर बेटांवरची ही लवंग, तिच्यापायी गोऱ्यांनी अर्धं जग पालथं घातलं, आणि तुम्ही ती ताटाच्या कडेला लावता, असं ते माझ्या सासूबाईंनाही ऐकवत. त्यांचं खरं प्रेम मात्र या बेटांवरच्या जुन्या दर्यावर्दी लोकांवर. केळीचे कंद, कोंबड्या, पोरंबाळं होडीत घालून ती माणसं निघाली ती इकडे मादागास्करला आणि तिकडे पार पॅसिफिकात पोचली, आणि पोचतील तिथे त्यांनी संसार मांडला, हे सांगताना दादांची छाती फुगे. स्वतः पलीकडच्याच पुलाव उबिन बेटावर निघाले तेव्हा होडीचा दोर सुटण्याआधीच त्यांना उलटी झाली. "इंजिनाचा वास," ते ठामपणे म्हणाले. "त्या लोकांच्या होड्यांना इंजिन नव्हतं."

यंदा त्यांच्या कंपनीने माणसं कमी केली आणि नोकरीवर मिळालेला दादांचा इथे राहायचा पास संपत आला. दुसरी नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर वहिनींना आणि इथेच जन्मलेल्या लेकीला घेऊन पुणं गाठायचं. दादा शेवटपर्यंत बिनघोर. काळजी करत होतो ते सेंगकांगला आमच्या घरी बसून आम्ही. नोकरी मिळाली नाही.

निघण्याआधी तिघंही आमच्याकडे जेवायला आली. हिने मुद्दाम मसालेभात केला होता, भजी तळली होती. दादांनी सवयीने सगळी बेटं मांडली, मिठाचा कणही ठेवला. लेक बराच वेळ ताटाकडे बघत होती.

"देन पुणे व्हेअर, बाबा?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. दादांनी ताटाची वरची डावी कड न्याहाळली. तिथे जागा नव्हती. मग त्यांनी भातातली लवंग उचलली आणि ताटाबाहेर, वीतभर लांब, टेबलावर ठेवली.

"इथे," ते म्हणाले. "होडीने निघालो तरी पोचू."

लेकीने मिठाचा तो कण बोटावर टिपून घेतला आणि लवंगेशेजारी नेऊन ठेवला.

आमची ही एक शीत सांडलं तरी फडकं घेऊन धावते. त्या दुपारी तिने सगळं टेबल पुसलं, तेवढी जागा सोडून.

दादांची फार आठवण येते. परवा जेवताना वरण चांगलं कढत होतं. मला ते मुळीच गोड लागलं नाही.