सुरयाची चोच

स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर माझी लेक सुरय नावाच्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करते. त्यांच्या घरट्यांजवळून जाताना इथे सगळेजण डोक्यावर काठी उभी धरतात, कारण सुरय सगळ्यांत उंच दिसेल त्यावरच चोच मारतो. मी मात्र रंगांची पिशवी सावरायला काठी खाली घेतली आणि टाळूवर सणसणीत टोचा बसला.

"आई, काठी वर धर!" लेक ओरडली.

ओंजळीत मावेल एवढा जीव. घर म्हणजे वाळूतला एक खळगा आणि त्यात दोन अंडी. ना भिंत, ना छप्पर. तरी तो पुन्हापुन्हा अंगावर येत होता आणि मागे सरत होतो ते आम्ही.

आम्हाला लहानपणापासून बजावलेलं, लहान तोंडी मोठा घास घेऊ नये. परवाच धाकट्या दिरांचा फोन आला होता. "वहिनी, घर विकून टाका आता. एकट्या बाईला झेपायचं नाही." माझ्याच घराबद्दल मी नेहमीसारखं "बघू" म्हणून मोकळी झाले होते.

खडकाआड बसून चित्र काढायला घेतलं. समुद्र, कडे, आभाळ सगळं कोपऱ्यात गेलं. कागदभर नुसता सुरय, लालभडक चोच उघडून समोरून येणारा.

लेक वाकून बघत म्हणाली, "आई, एवढा मोठा नसतो गं तो."

"अंगावर येतो तेव्हा असतो," मी म्हटलं. "फोन दे इकडे. तुझ्या काकाशी बोलायचंय."