पेटीआत्या आणि तीन मात्रांचं पाखरू

पेटीआत्याची बोटं म्हणून कधी गप्प बसायची नाहीत. निलंग्याच्या बायकांच्या भजनी मंडळात ती पेटी वाजवायची, म्हणून गावानं तिला हे नाव दिलं. पण पेटी समोर नसली तरी बोटं परातीच्या काठावर, एसटीच्या खिडकीवर, आम्हा भाचरांच्या टाळक्यावर चालूच. जेवायलाही धड बसायची नाही. अर्धी भाकरी गॅसपाशी, अर्धी अंगणात. "बसले की गंज चढतोय बग मला," म्हणायची.

अशा बाईला सात मिनिटं एका जागी बसवलं ते एका परदेशी कार्टूननं. मी नांदेडहून सुट्टीला गेले होते, सहज फोनवर लावलं. जुनं, काळं-पांढरं. स्वयंपाकघरातली भांडी गातात आणि त्यांच्यात वाढलेलं एक पाखरू शेवटी खिडकीतून उडून जातं. संपलं तशी आत्या म्हणाली, "पुन्ना लाव." मग आणखी एकदा. माझा चहा निवून गेला.

त्यानंतर दर खेपेला तेच. मध्येच फोनवर बोट दाबून थांबवायची. "ही किटली बग. सूर चढायच्या आधी झाकण जराक हललं का न्हाई? श्वास घ्यायलीय ती! आमच्या बायांना सांगून थकले मी, आधी श्वास घ्या म्हणून. चित्र काढणाऱ्याला बराबर कळालं."

इंग्रजी तिला ओ की ठो कळत नव्हतं. गाण्याच्या ध्रुवपदाचा अर्थ मी सांगितला: दार उघडं आहे. ती उठून अंगणात दोन येरझाऱ्या घालून आली. "म्हंजे आधी भांडी चिडून म्हनतेत, गार वारं यायलंय, दार लावा. अन् शेवटी तीच ओळ पाखराला म्हनतेत, कवाबी ये. एक बी शब्द बदलला न्हाई गं! लई हुशार मानूस हाय लिवणारा."

तिची सगळ्यात आवडती जागा मात्र गाणं नसलेली होती. पाखरू खिडकीत येतं, गाणं थांबतं, तीन मात्रा सगळं चिडीचूप, आणि ते मागं वळून बघतं. मग शेवटची ओळ. तेवढ्या तीन मात्रा आत्याची बोटंही थांबत. एकदा ती तिथंच फटकन म्हणाली, "तू न्हाई वळत कधी."

खरं होतं. निघताना मी नेहमी घाईत. "बस जाईल, आत्या," म्हणून मी हसण्यावारी नेलं. जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं ती इतकी वर्षं फाटकाशी नुसती उभी राहायची, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. उरलेली किती टिकेल, त्याचा भरवसा नव्हता. नातलग म्हणाले, देवदर्शनं उरकून घ्या. "देव डोळे मिटून बी दिसतोय. हे कसं दिसंल?" असं म्हणून ती फोन नाकाशी धरून किटली, झाकण, पाखरू पाठ करत सुटली. तिची ती तगमग पाहून मला रागही यायचा आणि रडूही.

या दिवाळीला गेले तेव्हा तिला माझा चेहरासुद्धा दिसत नव्हता. नेहमीचा व्हिडिओ सापडेना, म्हणून तेच कार्टून दुसऱ्या कुणीतरी टाकलेलं लावलं. आत्या डोळे मिटून सांगत होती, "आता झाकण हललं. आता पळी लाजली." शेवटाला आली आणि ताडकन उठली.

"तीन मात्रा कुठं गेल्या? पाखरू वळलंच न्हाई!"

मी पुन्हा लावून पाहिलं. ती जागा रिकामी समजून कुणीतरी कापून टाकली होती. पाखरू सरळ उडून जात होतं. मला डोळे असून कळलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

निघताना ती फाटकाशी आली. मी कोपऱ्यापर्यंत गेले, थांबले आणि वळले. आत्या भलतीकडेच, शेजारच्या लिंबाकडे तोंड करून उभी होती. फाटकाच्या पत्र्यावर बोटं वाजत होती. माझ्या चपलांचा आवाज थांबला, तशी बोटंही थांबली.

"आत्या, वळले गं!" मी ओरडले.

"दिसलं मला," लिंबाकडे बघत ती म्हणाली. "पळ आता. बस जाईल."