रंग गेलेलं पाणी

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये शेंगांची टरफलं पोत्याने यायला लागली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. नवरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि नामपूरला माझ्या धाकट्या भावाची सूत रंगवायची शेड होती. शेडमागे सांडपाण्याचा खड्डा आणि खड्ड्यापलीकडे आमची विहीर. खड्ड्यातलं पाणी पाझरून विहीर तांबडी झाली होती, म्हणून भावाने तिच्यावर बाभळीचे काटे टाकले होते. उद्या शेजाऱ्यांच्या विहिरी लाल झाल्या की गाव शेड बंद पाडणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

सांडपाण्याचा रंग काढायची विकतची औषधं त्याला परवडणारी नव्हती. नवऱ्याने आधी लासलगावहून कांद्याची सालं आणली, तर सालांनीच पाण्याला विटकरी रंग दिला. "रंग काढायला गेलात आणि चढवून आलात," मी म्हणाले. त्यांना हसू आलं नाही. मग टरफलं आली. बंद डब्यात भाजून त्यांचा कोळसा करायचा, धुवायचा, वाळवायचा. कुकर तेवढा मी लपवून वाचवला. पण एका रविवारी त्यांनी त्या कोळशावर लालभडक पाणी ओतलं आणि खालून नितळ पाणी आलं, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

शेडमागे कोळशाची टाकी बसली. भावाने विहीर उपसली, आणि पावसाळा सरल्यावर त्याचा फोन आला, "दाजी, लय भारी काम झालं! तळ दिसतो विहिरीचा!" प्यायच्या आधी पाणी तपासून घ्या, असं नवऱ्याने त्याला बजावलं. पण तळ दिसणारं पाणी तपासायला कोण नेतं? काटे निघाले आणि दोर-बादली आली.

त्याच सुमाराला भावजय बाळंत झाली. दुसरं बाळंतपण म्हणून ती सासरीच होती. आमच्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीची पूजा करते आणि पहिली घागर घरात आणते. त्यासाठी आम्ही दोघं नामपूरला गेलो.

गेल्या गेल्या आईने चहा टाकला, तो फाटला. तिने दूधवाल्याला शिव्या दिल्या. चुलीवर सकाळपासून डाळ रटरटत होती, पण दाणा बोटाखाली दबत नव्हता. भावजय बाळाला घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या सुजलेल्या पायांत पैंजण रुतलेले दिसले. "बाळंतपणाची सूज हाय, उतरंल," आई म्हणाली. मी नवऱ्याकडे पाहिलं.

नवरा थेट विहिरीवर गेला. मी आणि भाऊ मागोमाग. नवऱ्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"रंग पक्का व्हायला पोत्याने मीठ लागतं," ते म्हणाले. "कोळशात रंग अडकतो. मीठ नाही अडकत, म्हणून चहा फाटला, डाळ शिजेना. आणखी काय काय अडकत नाही, ते मलाही माहीत नाही."

"पण पाणी तर काचेसारखं हाय, दाजी."

"लाल होतं तेव्हा तुम्हीच काटे टाकले होते ना? ते काटेच बरे होते."

तेवढ्यात आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली. मी विचारलं, "आई, चहाला आजच घेतलंस ना हे पाणी?"

"आजच कशाला?" आईचा चेहरा अभिमानाने फुलला. "पहिल्या दिवसापासून बाळंतिणीला हेच देते. बाळंतशोपा टाकायच्या आन् निम्मं आटवायचं. उकळलेलं, घरच्या विहिरीचं. माझ्या नशिबी कुठं व्हतं असं?"

नवऱ्याने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. आटवलं की पाणी उडून जातं आणि बाकीचं सगळं खाली राहतं, एवढं रसायनशास्त्र मलाही कळत होतं.

घरात बाळ रडलं. मी धावले. भावजय भिंतीला टेकून त्याला पदराखाली पाजत होती आणि उशाशी तांब्या भरून ठेवलेला होता. मी तिच्या हातून बाळ ओढूनच घेतलं. ते किंचाळायला लागलं.

"काय झालं, आक्का?" तिने घाबरून विचारलं.

बाळाच्या ओठांवर दूध होतं. मी ते पदराने पुसलं आणि उशाचा तांब्या उचलून मोरीत उपडा केला.