पोरगी उतरेपर्यंत

गाडी कोणती घ्यावी हे आमच्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. सासरे म्हणत, पांढरीच घ्या, विकताना भाव येतो. धाकट्या दिराचं म्हणणं, गाडी उंच पाहिजे, नाहीतर शेताच्या रस्त्याला पोट घासतं. शेजारचे अडतवाले म्हणाले, डिझेलशिवाय दम नाही. पैसे जाणार होते माझ्या पगारातून. मानवतजवळच्या एका शाळेत मी शिकवते, आणि तोवर आम्ही चौघं एकाच मोटारसायकलवर फिरत होतो. धाकटा मुलगा टाकीवर बसायचा. एकदा पाथरीहून येताना तो हँडलवर डोकं टेकून झोपला. ह्यांचा एक हात त्याच्या छातीवर आणि दुसऱ्या हातानं मोटारसायकल चाललेली. घरी उतरल्या उतरल्या मी ह्यांना म्हणाले, "आता गाडी घ्यायची. आणि ती मी चालवणार."

"मला येतंय की चालवायला," हे म्हणाले.

"तुमी बी चालवा. पण मी शिकणार."

परभणीच्या शोरूममधला माणूस ह्यांच्याशीच बोलत राहिला. इंजिन, ॲव्हरेज, टचस्क्रीन. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही कलर बघून घ्या." मी मागचं दार उघडून आत बसले आणि विचारलं, मधे बसणाऱ्याला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का?

"मागं कोण लावतंय मॅडम पट्टा?" तो हसला.

"माझी लेकरं लावतेत," मी म्हणाले.

ती गाडी घेतली नाही. दुसरीकडं जी घेतली ती लहान होती, विटकरी रंगाची. सासऱ्यांनी तिच्यापुढं नारळ फोडला, पण रंगाकडं बघितलं नाही.

मुलासाठी मागच्या सीटला बांधायची वेगळी खुर्ची मागवली. हे मोटारसायकलवर पुढं गेले आणि बाकीचे सगळे मिळून पहिल्यांदा गाडीनं परभणीला लग्नाला निघालो, चालवणार मी; तेव्हा सासूबाईंनी ती खुर्ची पाहिली. त्यांना मी आत्या म्हणते. एक पाय गाडीत ठेवून त्या तशाच थांबल्या.

"लेकराला शेरडावानी बांधायलीस का गं?"

"शेरडाला गळ्यात बांधतेत, आत्या. ह्याला छातीला बांधलंय."

"आण हिकडं. माझ्या मांडीवर बसंल. आमी काय लेकरं वाढविली न्हाईत?"

"वाढविली की. पण तवा दारात गाडी न्हवती."

मुलगा रडायला लागला. आत्यांनी त्याच्याकडं हात केला. मी चावी काढून मांडीवर ठेवली. गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बघू लागली. शेवटी सासरेच पुढच्या सीटवरून ओरडले, "अक्षता पडतील तिकडं! बसा आता." आत्या बसल्या, पण परभणी येईपर्यंत त्यांनी तोंड खिडकीकडून वळवलं नाही. मुलगा थोड्या वेळानं खुर्चीतच झोपला.

पुढच्या उन्हाळ्यात दिरानं त्याची गाडी घेतली. मोठी, पांढरी, छत उघडणारी. त्याची दोन्ही पोरं छतातून वर उभी राहून हात हलवत गावभर फिरली. लोकांनी लय कौतुक केलं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही.

एका रविवारी दोन्ही गाड्या घेऊन आम्ही येलदरीला निघालो. धरण बघायचं, तिथले मासे खायचे. जिंतूरच्या अलीकडं चहाला थांबलो. मुलाचे हात धुऊन मी वळते तर माझी आठ वर्षांची पोरगी दिराच्या गाडीच्या छतातून कमरेपर्यंत बाहेर. दीर स्टिअरिंगवर, गाडी सुरू.

"तिला खाली घ्या, भाऊजी."

"वैनी, पोरीला जरा हवा खाऊ द्या की. हळू नेतो."

"गाडी हळू न्याल. पण समोर जनावर आडवं आलं तर ब्रेक काय हळू लागतोय?"

"तुमची मास्तरकी शाळंत. हितं समदे हौसंनं आलेत."

मी चालत गेले आणि त्याच्या गाडीसमोर उभी राहिले. दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. पत्रा तापलेला होता, तरी काढले नाहीत. त्यानं हॉर्न वाजवला. हॉटेलातली माणसं कप घेऊन बाहेर आली. सासरे जवळ येऊन म्हणाले, "सूनबाई, चारचौघांत तमाशा नको."

"पोरगी उतरेपर्यंत ही गाडी हलणार न्हाई, मामा. न्यायची तर माझ्या अंगावरून न्या."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. पोरगी वरून ओरडत होती, "आई, तू लय वाईट हायेस!" मग गाडीतून माझ्या जावेनं तिचे पाय धरून तिला खाली ओढलं. पाठोपाठ स्वतःच्या पोरांनाही गप्प बसवलं. छत सरकत बंद झालं. ते कुणी बंद केलं, मला दिसलं नाही.

येलदरीला माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पोरीनं ताटाला हात लावला नाही. मी मात्र मासे पोटभर खाल्ले, काटे काढून मुलालाही भरवले.

दिरानं दिवाळीपर्यंत अबोला धरला. त्याची पोरं अजूनही छतातून उभी राहतात, मी समोर नसताना. जाऊच मला सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा उतरतो. तिच्या घरात जाऊन मी भांडणार नाही. पण माझ्या गाडीत बसायचं तर पट्टा लावायचा, मग पाहुणा असो की शाळेचे साहेब. एका मामेसासऱ्यांनी पोट मोठं असल्याचं सांगून नकार दिला. त्यांना मानवतच्या स्टँडवर नेऊन सोडायलासुद्धा मी गाडी काढली नाही, ते चालत गेले. एसटी तेवढ्यात लागलीच होती म्हणे.

पोरगी आता माझ्या खांद्याला लागते. आमचं कशावरूनही वाजलं की ती तेच काढते, "त्या दिवशी समद्यांसमोर तू माझी इज्जत घालवलीस."

"घालवली," मी म्हणते. "आन् परत वेळ आली तर परत घालवीन."